पडद्यावरचे अस्वल, रानातले अस्वल

'द बेअर' हा ज्यां-जाक आनो यांचा १९८८ सालचा साहसपट. त्यात एक प्रचंड अस्वल निःशस्त्र शिकाऱ्यापुढे उभे राहून गर्जते आणि त्याला इजा न करताच निघून जाते. आपल्याला वाटते, अस्वलाने त्याला क्षमा केली! पण ही भूमिका करणारा 'बार्ट' हा कोडियाक जातीचा नर माणसांतच वाढला होता, शिकवून तयार केलेला होता. काही दृश्यांत तर यांत्रिक अस्वले होती.

रानातला हिशेब निराळा असतो. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात अस्वलापासून निदान १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर दूर राहावे लागते. एवढे अंतर कशासाठी? ग्रिझली अस्वल ताशी सुमारे ५० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १४ मीटर धावू शकते. आपण जागीच उभे राहिलो, तर ते साडेसहा सेकंदांत पोचेल. आणि पळालो तर? आपला वेग सेकंदाला ६ मीटर धरू. सापेक्ष वेग १४ − ६ = ८ मीटर. म्हणजे सुमारे साडेअकरा सेकंदांत गाठ पडणारच! शिवाय पळणाऱ्याचा पाठलाग करणे हा अस्वलाचा स्वभाव.

टिमथी ट्रेडवेल अलास्कात तेरा उन्हाळे अस्वलांच्या निकट राहिला. तो त्यांना मित्र मानी. ऑक्टोबर २००३ मध्ये तो व त्याची सोबतीण अस्वलाच्या हल्ल्यात मरण पावली.

अस्वल दुष्ट नसते, तसेच ते आपला सखाही नसते. त्याच्यापासून दूर राहणे, यातच दोघांचे हित आहे.

आता अंतर केवळ २० मीटर असेल, तर वरील दोन्ही उत्तरे किती येतील? काढून पाहा.