पहिली हत्यारपेटी भरताना

मेंटेनन्सला नवीन लागलात आणि हत्यारं स्वतःच घ्यायची आहेत? चला, मी आहे शेजारी. दुकानात जायची घाई मात्र नको, सुरुवात मशीनपासून करू. कागद, पेन आणि व्हर्नियर घ्या.

१. मशीन बंद करून मेन स्विचला कुलूप घाला. किल्ली तुमच्याच खिशात हवी. ‘एवढं मापच तर घ्यायचंय’ म्हणत फिरत्या पट्ट्याजवळ हात नेऊ नका.

२. प्रत्येक नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर मोजून लिहा. पान्याचं माप हेच. नवखे हमखास इथे फसतात: बोल्ट ८ चा म्हणून ८ चा पाना आणतात! ८ मिमीच्या बोल्टच्या डोक्याला पाना लागतो १३ चा, ६ च्या बोल्टला १० चा. १० च्या बोल्टला कुठे १७ लागतो, कुठे १६. १२ च्या बोल्टला कुठे १९, कुठे १८. म्हणून अंदाज नको, मोजाच.

३. अ‍ॅलन बोल्टची यादी वेगळी करा. इथली मापं निराळी: ६ च्या बोल्टला ५ ची की, ८ ला ६ ची, १० ला ८ ची, १२ ला १० ची. एखादी की सैल वाटली तर फिरवू नका, खाच गोल होऊन बसेल.

४. इंची नटांवर खडूने खूण करा. जुन्या मशीनवर ते सापडतातच. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. त्यावर १३ चा पाना बसतो, म्हणून माणूस जोर लावतो आणि नटाचे कोपरे उडतात.

५. यादीत सगळ्यात जास्त वेळा आलेल्या मापाचा एक कोरा नटबोल्ट खिशात टाका. झिजलेला नको, त्यावर चांगला पानाही सैल वाटेल.

आता दुकान. मुंबईत असाल तर नागदेवी स्ट्रीट, नाहीतर तुमच्या एमआयडीसीजवळचं ओळखीचं दुकान. दुकानदार आधी शंभरेक नगांची चकचकीत सूटकेस पुढे करील. ती राहू द्या. त्यातले निम्मे नग आयुष्यात हातात येत नाहीत, आणि तुमचा १९ चा पाना नेमका त्यात नसतो.

६. यादीतल्या मापांचे रिंग पाने मागा. घट्ट नट सोडवायला हेच. नुसता फिक्स पाना घेतलात तर पहिल्याच गंजलेल्या नटावर तो घसरेल आणि बोटं सोलतील.

७. खिशातला बोल्ट पान्यात घालून हलवून बघा. किंचित खेळ चालेल. खडखडला की परत द्या. ‘क्रोम व्हॅनेडियम’ असा छाप दिसला म्हणून भुलू नका. छाप कोणीही मारतो.

८. मुलाम्यावरून अंगठा हळूच फिरवा. पोपडे किंवा फोड लागले तर नकोच. सुटलेला पापुद्रा ब्लेडसारखा कापतो.

९. सॉकेट सहा कोनांचे निवडा. बारा कोनांचे पटकन बसतात, पण झिजलेल्या नटावर सटकतात. चकचकीत सॉकेट इम्पॅक्ट गनला कधीच लावू नका, तडकून तुकडे उडतात. गनसाठी जाड, काळे इम्पॅक्ट सॉकेट वेगळे मिळतात.

१०. साइड कटरच्या अगदी टोकाने तांब्याच्या वायरीतला एकच बारीक तंतू कापा. तुटण्याऐवजी दुमडला तर पाती जुळत नाहीत.

११. विजेच्या कामाची पक्कड घेताना मुठीवर दोन त्रिकोण आणि १००० व्होल्टची खूण शोधा. रंगीत प्लास्टिकची मूठ म्हणजे इन्सुलेशन नव्हे! अशी पक्कड घेऊन पॅनेलला हात लावू नका. आणि खूण असली तरी आधी सप्लाय बंदच.

१२. स्टार स्क्रूड्रायव्हर स्क्रूच्या खाचेत घालून डावी-उजवीकडे डुलवा. टोक आत डगमगलं तर दुसरा नंबर मागा.

१३. हातोडीचा दांडा डोळ्यासमोर धरून लाकडाच्या रेघा बघा. त्या लांबीच्या दिशेने जायला हव्यात. आडव्या रेघांचा दांडा ऐन घावाला तुटतो.

१४. स्क्रू पाना शेवटी घ्या, एकच. जबडा हाताने हलवा. डुगडुगला तर ठेवून द्या. तो अडीअडचणीसाठी आहे. रोज त्यानेच नट सोडवाल तर नटांची वाट लागेल.

१५. बदलून मिळण्याची मुदत बिलावर लिहून घ्या. तोंडी ‘आणा की, बदलून देतो’ पुढच्या महिन्यात कोणाला आठवत नाही.

१६. प्रत्येक हत्यार एकदा खऱ्या नटावर, खऱ्या कामात वापरून बघा. मुदत संपायच्या आत बरं का.

१७. पास झालेल्या हत्याराच्या दांड्यावर नाव कोरा. आधी कोरलंत तर दुकानदार परत घेणार नाही. न कोरता ठेवलंत तर दुसऱ्या पाळीत १३ चा पाना गायब.

खिशातला तो नटबोल्ट पेटीतच टाकून ठेवा. पुढच्या खरेदीला लागेल.