उपचार संपले, पुढे काय?

आपल्या धर्मग्रामात कुणाला कॅन्सर झाल्याचे कळले की आपण धावून जातो. मिस्सात प्रार्थना होते, शेजारीण डबा पाठवते, कुणी रजा काढून परळच्या टाटा हॉस्पिटलात सोबत जाते. मात्र शेवटचा केमो झाला, ‘आता बरे आहे’ असे ऐकले की आपली ये-जा थांबते. नेमके तेव्हाच त्या माणसाला आपली गरज असते.

फिट्झह्यू मुलन हे अमेरिकन डॉक्टर स्वतः कॅन्सरमधून गेले होते. उपचार संपल्यावर वेगळाच काळ सुरू होतो आणि आजार उलटण्याची भीती त्यात सर्वांत मोठी असते, असे त्यांनी १९८५ साली लिहिले. तपासणीची तारीख जवळ आली की झोप उडते. साधी पाठ दुखली तरी मनात तीच शंका येते. थकवा तर काही महिने, कधी त्याहून जास्त काळ राहतो. तो आळस नव्हे. तोंडाच्या ऑपरेशननंतर कुणाचे तोंड पुरते उघडत नाही, म्हणून तो लग्नाच्या पंगतीला येणेच टाळतो. स्तनाच्या ऑपरेशननंतर एखाद्या भगिनीचा हात सुजतो. तिला पाण्याची कळशी उचलवत नाही, आणि हे ती कुणाला सांगतही नाही.

अशा वेळी “देवाने वाचवले, आता रडायचे कशाला?” असे आपण सहज बोलून जातो. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ऐकणारा गप्प होतो. भीती वाटणे म्हणजे श्रद्धा कमी असणे नव्हे. याईराच्या मुलीला उठवल्यावर प्रभू येशूने तिला खायला द्यायला सांगितले, हे मार्कच्या शुभवर्तमानात (५:४३) आहे. चमत्कारानंतरही तिच्याकडे कुणीतरी बघायचे होतेच.

म्हणून तपासणीच्या दिवशी सोबत जाऊ या. महिन्या-दोन महिन्यांनी घरी डोकावू या आणि आजाराचा विषय त्यांनी काढला तरच बोलू या. चर्चमधली, वाडीतली जुनी कामे त्यांना झेपतील तशी पुन्हा द्यावीत. दया म्हणून बाजूला बसवून ठेवू नये.

दोन आठवडे उलटूनही उदासी जात नसेल, जेवण-झोप सुटली असेल, तर डॉक्टरांना सांगावे. सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते, मराठीतही बोलता येते. घरातल्या माणसांनीही हा क्रमांक लिहून ठेवावा. रुग्णाइतकीच त्यांचीही दमछाक झालेली असते.