भाचीच्या हाती कॅमेरा देताना

ताई परवा फोनवर म्हणाली, "एवढी महागाची वस्तू, तिला कुलपात ठेवायला सांग." तिचं अजिबात ऐकू नकोस. चिपळूणच्या बाजारात मी चाळीस वर्षं स्टुडिओ चालवला. त्या काळात हातातून निसटून माझ्या दोन लेन्स फुटल्या, आणि कपाटात बसून बुरशीने खाल्लेल्या सात. हिशेब तूच कर.

बुरशीला दमटपणा, अंधार आणि कोंदट हवा लागते. कोकणात जून ते सप्टेंबर हे तिन्ही फुकट मिळतं, आणि पुण्याचा पावसाळाही काही साधासुधा नाही. काचेवरच्या पातळ लेपावर ती जाळं पसरते. सुरुवातीला पुसून जाते. उशीर झाला की लेपासकट काच खरवडून ठेवते, मग पुसणारा काय करणार? चामड्याच्या केसमध्ये लेन्स ठेवू नकोस, चामडं ओल धरून बसतं. मामीने चकल्यांचा मोठा हवाबंद डबा दिलाय, त्यात सिलिका जेल आणि दमटपणा दाखवणारं काट्याचं छोटं यंत्र आहे. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये असला की झालं. फार कोरडंही करू नकोस, आतलं वंगण वाळतं. जेलचे निळे खडे गुलाबी झाले की मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करायचे, पण त्यासाठी जुना तवा वेगळा काढ. तो रंग पोटात जाण्यासारखा नाही, भाकरीच्या तव्यावर हा उद्योग केलास तर मामी मला घराबाहेर काढेल. आणि एसी गाडीतून इकडे उतरलीस की लगेच बॅग उघडू नकोस. थंड काचेवर घाम फुटतो. आधी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेव, अर्ध्या-पाऊण तासाने काढ.

पण खरा उपाय वापर. रोज बाहेर काढलेल्या लेन्सला ऊन-वारा लागतो. रोज बाहेर काढायचा, तर रोज उचलवेल एवढंच वजन हवं. फुजीचा हा जीएफएक्स १०० एस बॅटरी-कार्डासकट ९०० ग्रॅमचा आहे. त्याला ५० मिलिमीटरची छोटी लेन्स लावली की सव्वा किलो. ११० ची लावली तर दोन किलोला थोडं कमी. म्हणून ५० ची लावलेलीच ठेव. बाकीच्या दोन ज्या दिवशी काम असेल त्या दिवशी. तीन लेन्स पाठीवर घेऊन निघणारा माणूस संध्याकाळी पाठ धरून येतो, फोटो घेऊन येत नाही.

लेन्सवरचे आकडे तुला गोंधळात टाकतील. तू ज्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर शिकलीस त्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा. याचा ४३.८ बाय ३२.९, म्हणजे क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त. त्यामुळे इथला आकडा ०.७९ ने गुणायचा: ५० ची लेन्स तुझ्या ओळखीच्या ४० सारखी, ६३ ची ५० सारखी, ११० ची ८७ सारखी. याला मीडियम फॉरमॅट म्हणतात. मी आपला गालात हसतो. माझ्या यशिकात १२० चा रोल लागायचा, त्यावरची चौकोनी निगेटिव्ह प्रत्येक बाजूला ५६ मिलिमीटर. एका रोलमध्ये १२ फोटो, तेरावा नाही.

आता मुख्य गोष्ट. हा कॅमेरा चुगलखोर आहे. १० कोटींहून जास्त ठिपके टिपतो, त्यात तुझा हात किती हलला तेही टिपतो. आमच्या वेळी शटरचा वेग लेन्सच्या आकड्याइतका ठेवायचा: ५० ची लेन्स, तर सेकंदाचा पन्नासावा भाग. इथे निदान दुप्पट धर. कॅमेऱ्यात हात सावरणारी यंत्रणा आहे, चांगली आहे, पण ती तुझा हात सावरते, समोरच्या पोराची मान नाही. माणूस असेल तर १/२५० च्या खाली मी सहसा जात नाही. त्यासाठी आयएसओ ८००, १६०० झाला तरी होऊ दे. थोडे दाणे दिसलेले चालतील, हललेलं तोंड कुणी विकत घेत नाही. कोपरं बरगड्यांना टेकव, श्वास अर्धा सोड, मग बटण दाब.

दुसरी चुगली फोकसची. ११० ची लेन्स एफ २ पर्यंत उघडते आणि पहिल्या दिवशी तू ती एफ २ वरच लावणार, मीही तेच केलं. दीड मीटरवरून नवरीचा चेहरा घेतला. इतक्या जवळून एफ २ ला स्पष्ट भागाची खोली जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर. डोळ्याच्या पापण्या मोजता येत होत्या आणि नथ म्हणजे धुकं. तिच्या आजीची नथ होती ती. आजीने फोटो हातात घेतला आणि पहिलं बोट तिथेच ठेवलं. तेव्हापासून दागिन्यांचं काम एफ ५.६ किंवा ८ ला. दुसऱ्या टोकालाही जाऊ नकोस. सगळं लख्ख दिसावं म्हणून एफ १६, २२ करशील, तर इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाशच पसरतो आणि सगळाच फोटो थोडा मऊ पडतो. एफ ११ ही माझी वेस. एफ १६ मी एकाच कामाला लावतो: आभाळाचा फोटो काढून सेन्सरवर धूळ बसलीय का ते बघायला. धूळ दिसली तर रबरी ब्लोअर मार. तोंडाने फुंकर घालू नकोस, थुंकी उडते.

पैठणीचं काम आलं तर सावध राहा. या सेन्सरपुढे बारीक विणीला मऊ करणारी जाळी नाही. जरीची वीण आणि सेन्सरची वीण एकमेकींवर बसली की पदरावर इंद्रधनुष्यी लाटा उठतात, साडीत नसलेल्या. आणि गंमत म्हणजे मागच्या स्क्रीनवर लहान चित्रातही कधी कधी तशाच लाटा दिसतात, त्या खोट्या असतात. म्हणून पूर्ण मोठं करून बघ. खरंच असतील तर एक पाऊल पुढे-मागे हो किंवा पदर जरा तिरका कर. बहुतेकदा एवढ्याने जातात.

इलेक्ट्रॉनिक शटरचा मोह टाळ. आवाज येत नाही म्हणून मी एकदा मंगलाष्टकांना तो लावला. हा सेन्सर वरून खाली सावकाश वाचला जातो, आणि मांडवात एलईडीच्या माळा. आपली वीज ५० हर्ट्झची, साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. अंतरपाटावर आडवे पट्टे, उडणाऱ्या अक्षता तिरक्या. पैसे परत केले. दिव्यांच्या उजेडात यांत्रिक शटर आणि १/१०० हा वेग; माणसांना थोडं स्थिर उभं करायचं. फ्लॅश लावलास तर १/१२५ ही मर्यादा.

कोकणातल्या दुपारी पांढरा झब्बा आणि काळीभोर सावली एकाच चौकटीत येतात. झब्बा जळू देऊ नकोस, सावली नंतर उजळता येते. या फाईलच्या अंधारात खूप काही दडलेलं असतं, पण जळलेल्या पांढऱ्यात काहीच नसतं.

एक सुख मात्र सांगतो. मागचा स्क्रीन वर उचल आणि कॅमेरा पोटाशी धर, अगदी यशिकासारखा. यशिकात डावं-उजवं उलटं दिसायचं, इथे सरळ. डोळ्याला कॅमेरा लावलेला माणूस बघून म्हातारी मंडळी आखडतात. मान खाली घालून पोटाशी काहीतरी खुडबुडणारी पोरगी बघून बोलत राहतात. माझे मासळीबाजारातले सगळे चांगले फोटो असे आलेत. आणि सह्याद्रीच्या रांगा घेताना ६५:२४ ची लांब चौकट लावून बघ. रॉ फाईल पूर्णच राहते, काही हरवत नाही. कापूनही ५ कोटी ठिपके उरतात.

रॉ फाईल १६ बिटची, न दाबलेली ठेवलीस तर एकेक २०० एमबीच्या वर. १२८ जीबीच्या कार्डात सहाशेच मावतात. 'लॉसलेस कॉम्प्रेस्ड' लाव, फाईल लहान होते आणि हरवत काही नाही. रात्री निवड करताना कठोर हो, मी दहातले नऊ पुसतो. उरलेल्याच्या दोन प्रती, पण एका घरात नाहीत. २००५ च्या पुरात माझ्या निगेटिव्हचं खालचं कपाट गेलं. मग मी शहाणा झालो आणि सगळं वरच्या फळीवर हलवलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी दुकानाच्या वरच्या फळीपर्यंत आली. दोन्ही हार्ड डिस्क तिथेच, शेजारी शेजारी होत्या. तेव्हा एक डिस्क तुझ्याकडे, एक माझ्याकडे, आणि दर गणपतीला अदलाबदल.

नुसतं मोबाइलवर टाकायचं असेल तर मोबाइलनेच काढ, एवढं ओझं कशाला? यातून ३०० डीपीआयला साधारण ३९ बाय २९ इंचांचं प्रिंट न ताणता निघतं. महिन्यातून एक तरी मोठं काढून भिंतीवर लाव आणि आठवडाभर येता-जाता बघ. पहिले दोन महिने स्वतःचाच राग येईल.

बॅटऱ्या दोन आहेत, दोन्ही रात्री भरून ठेवल्यात. उद्या सकाळी सहाला भाट्ये खाडीकडे जायचंय, गाडी मी सांगितलीय. ५० ची लेन्स लावूनच डब्यातून काढ, ११० ला हात लावू नकोस.