पडद्यामागच्या सेवा

लिनक्स संगणकावर आपण छपाईची आज्ञा देतो आणि थोड्याच वेळात प्रिंटरमधून कागद बाहेर येतो. मधले काम ‘कप्स’ नावाची सेवा करते. ती मात्र आपल्याला दिसत नाही. अशा सेवांना ‘डीमन’ म्हणतात. हा शब्द १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत रूढ झाला. शास्त्रज्ञ मॅक्सवेल यांच्या विचारप्रयोगात रेणू निवडणारा एक कल्पित जीव आहे; त्यावरून हे नाव घेतले गेले. नाव भयंकर, स्वभाव मात्र सेवकाचा!

बहुतेक प्रमुख लिनक्स वितरणांत या सेवांवर ‘सिस्टीमडी’ देखरेख ठेवते. तिला आज्ञा टंकलिखित करून देता येतात; पण आज्ञा पाठ नसणाऱ्यांसाठी ‘कॉकपिट’सारखी चित्रमय साधने आहेत. कॉकपिट ब्राउझरमध्ये उघडते. त्यात सेवांची यादी, प्रत्येकीची स्थिती आणि तिच्या अलीकडच्या नोंदी दिसतात. सेवा बंद पडलेली दिसली की आपला हात आधी ‘पुन्हा सुरू करा’कडे जातो. त्याआधी नोंदी वाचाव्यात. बिघाडाचे कारण बहुधा तेथेच सापडते.

येथे एक भेद नीट समजून घ्या. सेवा आत्ता चालू असणे वेगळे आणि संगणक सुरू होताना ती आपोआप चालू होणे वेगळे. कॉकपिटमधील मुख्य खटका या दोन्ही गोष्टी एकदम बदलतो. केवळ आत्तापुरते थांबवायचे असेल, तर शेजारच्या यादीतील ‘थांबवा’ हा पर्याय निवडावा लागतो.

समजा, संगणक दुसऱ्या गावी आहे आणि दुरून प्रवेश देणारी ‘एसएसएच’ सेवा तुम्ही खटक्याने बंद केली. चालू असलेली जोडणी सहसा तुटत नाही, त्यामुळे चूक लगेच ध्यानात येत नाही. बाहेर पडून पुन्हा आत जाऊ पाहिले की दार बंद! संगणक पुन्हा सुरू करूनही ते उघडत नाही.

कप्सची तऱ्हा उलटी आहे. ती थांबवली, तरी छपाईची मागणी येताच पुन्हा जागी होऊ शकते. कारण तिला उठवणारा ‘सॉकेट’ हा घटक वेगळा असतो. कोणती सेवा कोणावर अवलंबून आहे आणि तिला कोण जागे करते, हे संबंध त्याच पानावर दिलेले असतात.

पाठगत प्रश्न
१. सेवा ‘चालू’ असणे आणि ‘आपोआप चालू होणे’ यांतील फरक स्वतःच्या शब्दांत सांगा.
२. थांबवलेली कप्स सेवा पुन्हा का सुरू होऊ शकते?