पारशिवनीहून नागपूरच्या मार्टला जाणं परवडतं का?

प्रश्न : आम्ही दर महिन्याला पारशिवनीहून मोटारसायकलवर नागपूरला जातो आणि डी-मार्टमधून महिन्याचा किराणा आणतो. बिल चार हजारांच्या आसपास होतं. आमच्या ह्यांचं म्हणणं, रिलायन्सचं दुकान त्याहून स्वस्त पडतं. सासूबाई म्हणतात, गावचा दुकानदार काय वाईट आहे, अडीनडीला उधार देतो. नक्की स्वस्त कुठे? आणि चांगला माल कुठे?
(एक गृहिणी, पारशिवनी)

उत्तर : ताई, मागच्या महिन्याचं बिल जपून ठेवलं असेल तर ते काढा आणि त्याच्या दोन याद्या करा. एकीत साबण, कपडे धुण्याची पावडर, टूथपेस्ट, चहापत्ती, बिस्किटं, तेलाची पाकिटं. म्हणजे ज्यावर कंपनीचं नाव आणि एमआरपी छापलेली असते ते सगळं. दुसरीत तांदूळ, डाळी, गहू, मिरची, शेंगदाणे, गूळ. ही फोड केली नाही तर तुमच्या घरातला हा वाद पुढच्या दिवाळीपर्यंत चालेल, कारण तुम्ही तिघंही वेगवेगळ्या वस्तूंबद्दल बोलत आहात.

पहिल्या यादीत मार्ट जिंकतं, यात शंका नाही. राधाकिशन दमाणींनी २००२ मध्ये मुंबईत पवईला पहिलं डी-मार्ट उघडलं, तेव्हापासून त्यांची रीत साधी आहे. जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची, म्हणजे भाड्याचा बोजा नाही. दिखाऊपणा कमी. माल पुरवणाऱ्याला पैसे लवकर मोकळे करायचे आणि त्या बदल्यात भाव पाडून घ्यायचा. वस्तू मोजक्या ठेवायच्या, पण खपणाऱ्याच ठेवायच्या, म्हणजे फळीवर माल पडून राहत नाही. सवलत रोजचीच असते, सणाची वाट पाहावी लागत नाही. याच्या उलट बिग बझारची तऱ्हा होती. २००६ च्या २६ जानेवारीपासून त्यांनी ‘सबसे सस्ता दिन’ गाजवला, लोकांनी दारात रांगा लावल्या. २०२२ मध्ये त्यांची बरीच दुकानं रिलायन्सच्या ताब्यात गेली आणि ते नाव बाजारातून मिटलं. रिलायन्सच्या दुकानांत आजही ऑफरचा जोर जास्त: दोनावर एक, इतक्याच्या खरेदीवर साखर कमी भावात, असं काहीतरी. तुमच्या ह्यांना ज्या दिवशी तिथे स्वस्त वाटलं, त्या दिवशी ते खरोखर स्वस्त असेल. पण ऑफर ज्या वस्तूवर आहे ती आपल्या यादीत होती का, हे त्यांना विचारा. विचारताना आवाज मात्र जरा खाली ठेवा.

आता हिशेब. समजा तुमच्या चार हजारांतले निम्मे, दोन हजार, कंपनीच्या मालाचे. त्यावर सरासरी दहा टक्के सूट धरली तर वाचले दोनशे. पारशिवनी-नागपूर जाऊन येऊन पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटर होतात. गाडी लिटरला पन्नास देते असं धरलं तरी दीड लिटरच्या वर पेट्रोल, आणि लिटरचा भाव शंभराच्या पुढे. दीडशे-एकशेसाठ तिथेच गेले. उरलेल्या चाळीसात दोघांचे तर्री-पोहे होतात, चहा आपल्या खिशातला. शिवाय यादीत नसलेला प्लास्टिकचा डबा, पायपुसणं, पोरासाठी चॉकलेट. मी स्वतः एकदा फक्त हळद आणायला गेलो आणि कुकर घेऊन आलो. हळद विसरलो.

म्हणजे जाऊ नये का? जावं, पण दर महिन्याला नको. साबण नासत नाही, पावडरला कीड लागत नाही. अडीच-तीन महिन्यांचा असला माल एका खेपेत आणला तर सूट पाचशे-सहाशेची होते आणि पेट्रोल एकदाच जळतं. एसटीनं गेलात तर आणखी बरं. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. त्यामुळे खरेदीला तुम्ही एकट्या गेलात तर तो सगळ्यात किफायतशीर मार्ग. सासूबाईंनी पंच्याहत्तरी ओलांडली असेल तर त्यांचं तिकीट शून्य, त्यांनाच न्या सोबत. पिशव्या घरच्याच घ्या.

दुसऱ्या यादीचं गणित वेगळं आहे, आणि इथे मी सासूबाईंच्या बाजूचा आहे. सुट्या धान्याला एमआरपी नसते, त्यामुळे मार्टच्या बिलावरचा ‘इतके वाचवले’ हा आकडाच निरर्थक होतो. कशातून वाचवले? १८ जुलै २०२२ पासून पॅकबंद, लेबल लावलेल्या डाळ-तांदूळ-पिठावर २५ किलोपर्यंत ५ टक्के जीएसटी आहे. दुकानदार पोत्यातून तुमच्यासमोर मोजून देतो त्या सुट्या मालावर तो नाही. (म्हणूनच मग बाजारात २६ आणि ३० किलोचे कट्टे दिसू लागले. व्यापारी कायद्यापेक्षा एक किलो पुढे असतो.) नागपुरात डाळ मिलं भरपूर, इतवारी आणि कळमन्याचा ठोक बाजार पाऊण-एक तासावर. गावच्या दुकानदाराचा माल तिथूनच येतो. तुरीच्या डाळीसाठी मार्टमध्ये जाणं म्हणजे नदीकाठी राहून पाणी विकत घेणं.

तांदळाचं तर विचारूच नका. तुमच्या भागात पेंचच्या पाण्यावर धान होतो, आणि घरी शिजतो तो बहुधा एचएमटी नाहीतर जय श्रीराम. एचएमटीची गोष्ट वाचकांना माहीत असेल. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी आपल्या बांधीत वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून ठेवल्या, वर्षानुवर्षं त्या जोपासल्या आणि त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव त्या धानाला पडलं. २०१८ मध्ये ते गेले. तर हा तांदूळ घेताना आपण दुकानदाराला पहिला प्रश्न कोणता विचारतो? ‘नवा आहे का जुना?’ नवा तांदूळ चिकट होतो, जुना मोकळा शिजतो, पाणीही जास्त पितो. पाकिटावर पॅक केल्याची तारीख असते, कापणीची नसते. मार्टच्या फळीपुढे उभं राहून हा प्रश्न कोणाला विचारणार? निळा शर्ट घातलेला मुलगा बिचारा ‘तिकडे बघा’ म्हणतो. गावचा दुकानदार मूठभर दाणे तळहातावर घेऊन दाखवतो, आणि भात गिचका झाला तर दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याच्या दारात उभ्या राहू शकता.

मिरचीचंही तेच. जानेवारी ते मार्चमध्ये नवी वाळली मिरची बाजारात येते. आठवडी बाजारातून किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडून घ्या, देठं खुडा, वाळवा आणि गिरणीत कुटून आणा. नागपूर जिल्ह्यातल्याच भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. पाकिटातलं तिखट लाल असतं एवढंच मी म्हणेन. आणि सावजी भाजीला लागणारी दगडफूल, खसखस, कर्णफूल दहा-दहा रुपयांची पुडी बांधून हवी तर ती कुठल्याच मार्टात मिळत नाही. तिथे अख्खं पाकीट घ्यावं लागतं, आणि पाकीटभर दगडफुलाचं वर्षभर काय करायचं?

‘चांगला माल कुठे’ या प्रश्नाचं उत्तर त्यात आलंच. बिस्किटांचे वीस प्रकार पाहिजेत तर मार्ट. जे आपल्या स्वयंपाकघरात खरोखर वेगवेगळं लागतं, त्याची निवड गावातच जास्त आहे.

उधारीचं मात्र सासूबाईंनाही ऐकवतो. उधारी फुकट नसते. वहीत लिहिणारा दुकानदार त्याचं व्याज भावातच धरतो, रोखीनं घेणाऱ्यालाही तोच भाव लावतो. महिनाअखेरीस चुकती करत असाल तर ठीक. दोन-तीन महिने चढू देत असाल तर भाव विचारायचा हक्क आपण गमावतो. रोखीनं घेता तेव्हा ‘रोखीचा भाव सांगा’ असं म्हणायला लाजू नका. दुकानदार ओळखीचा आहे म्हणून तर म्हणायचं.

प्रश्न : मार्टवाल्याला एमआरपीपेक्षा कमी भावात विकणं जमतं, मग आमच्या गावातला दुकानदार पुरी एमआरपी का घेतो? लुटतोच ना?
(एक वाचक, कन्हान)

उत्तर : नाही भाऊ. कंपनीच्या मालात छोट्या किराणावाल्याच्या वाट्याला साधारण आठ-दहा टक्के येतात. त्यातून दुकानाचं भाडं, वीज, उंदरांनी खाल्लेला माल आणि बुडालेली उधारी. मार्टला मिळणारा खरेदीभाव त्याला मिळतच नाही. हे भांडण वितरकांपर्यंत गेलं होतं. मोठ्या कंपन्या बड्या घाऊक विक्रेत्यांना स्वस्त देतात आणि आम्हाला महाग, असं म्हणत २०२२ च्या जानेवारीत महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटचा काही माल उचलणं थांबवलं होतं. एमआरपी ही कमाल किंमत आहे. तेवढी घेणं गुन्हा नाही, त्याहून एक रुपया जास्त घेणं आहे. थंड पाण्याच्या बाटलीवर ‘फ्रिजचे’ म्हणून दोन रुपये वाढवणारे याच सदरात बसतात. तक्रार करायची तर वैधमापन शास्त्र विभाग आहे, आणि १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

आणि सगळ्यांनाच मार्ट शक्य नाही, हेही लक्षात घ्या. रोजीवर जाणारी बाई संध्याकाळी दहा रुपयांची साखर, पाच रुपयांची चहापत्ती नेते. तिला महिन्याचा किराणा एकदम भरायला पैसे कुठून येणार? पुडीत तिला किलोमागे जास्त मोजावं लागतं, हे खरंच आहे. एका वस्तूत मात्र उलटं आहे: शॅम्पू. रुपयाची पुडी साधारण पाच-सहा मिलिलिटरची असते. तिचा भाव काढा आणि बाटलीचा काढा. बहुतेक वेळा पुडीच स्वस्त निघते. मार्टमध्ये सूट देऊन ठेवलेल्या बाटलीपेक्षाही.

प्रश्न : तेल कुठून घ्यावं? पाकिटांच्या किमती पाहून डोकं चक्रावतं.
(पहिल्याच ताई, पुन्हा)

उत्तर : चक्रावणारच, ते त्यासाठीच आहे. पूर्वी ठराविक वस्तू ठराविक वजनातच पॅक कराव्या लागत, ती सक्ती आता उठली आहे. म्हणून फळीवर एक लिटर, ८५० ग्रॅम, ७५० ग्रॅम अशी पाकिटं शेजारी शेजारी दिसतात, आकारानं जवळपास सारखी. आता एक लक्षात ठेवा: एक लिटर सोयाबीन तेल भरतं साधारण ९१० ग्रॅम. उदाहरणादाखल, ८५० ग्रॅमचं पाकीट १४० रुपयांना आणि लिटरचं १४८ ला. हात १४० कडे जातो. पण किलोचा भाव काढला तर पहिलं पडतं १६४ रुपये ७० पैशांना, दुसरं १६२ रुपये ६० पैशांना. नियमानं पाकिटावर आता ग्रॅममागची किंवा किलोमागची किंमतही छापतात. बारीक अक्षरात असते, चष्मा सोबत ठेवा. मोठं पाकीट स्वस्तच, हाही भ्रम आहे. एका मोठ्या दुकानात मी ‘फॅमिली पॅक’ म्हणून घेतलेली चहापत्ती घरी आल्यावर मोजली, तर तिथल्याच पाव किलोच्या पाकिटापेक्षा महाग पडली होती.

तुमचा वापर जास्त असेल तर शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून पिपा घ्या. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच करत आली: घरांचे गट, एकत्र मागणी, ठोक भाव. चार घरांना त्यासाठी संस्था लागत नाही, एक वही आणि एक काटा पुरतो. फक्त पिपा विकत घेताना त्यावर १५ किलो लिहिलंय का १५ लिटर, ते पाहा. पंधरा लिटरच्या पिप्यात तेल साधारण तेरा किलो साडेसहाशे ग्रॅम असतं.