दारातली मुलगी

सकाळची वेळ आहे. शाळेची घंटा झाली. मुले दप्तरे घेऊन धावत निघाली. एका घराच्या दारात एक मुलगी उभी आहे. दहा वर्षांची आहे. ती मुलांकडे पाहून हसते, हात हलवते. एक पोरगा तिला वेडावून दाखवतो. मग आई येते, तिचा हात धरून आत नेते आणि दार लावून घेते.

असे दार आपण पुष्कळांनी पाहिले आहे. आज आपण त्या दाराआडच्या मुलीविषयी वाचू.

ही मुलगी उशिरा चालू लागली. उशिरा बोलू लागली. तिला पैसे मोजता येत नाहीत. दोन कामे एकदम सांगितली तर ती गोंधळते. तिची बुद्धी हळू चालते, एवढेच. लोक तिला ‘खुळी’ म्हणतात, ‘येडी’ म्हणतात. हे बरोबर नाही. मनाचा आजार वेगळा. तो चांगल्या शहाण्या माणसालाही मोठेपणी होऊ शकतो, आणि त्यावर औषध असते. बुद्धी हळू असणे हा आजार नव्हे. ते लहानपणापासूनच असते. औषधाने ते जात नाही. पण शिकवले तर असे मूलही शिकते. सरकारी कागदावर याला ‘बौद्धिक दिव्यांगत्व’ म्हणतात.

असे का होते? कुणी म्हणतात, मागल्या जन्मीचे पाप. कुणी म्हणतात, आईने ग्रहण पाळले नाही. दोन्ही खोटे. काही मुलांत जन्माच्या आधीपासूनच शरीराच्या घडणीत फरक असतो. काहींना जन्मताना श्वास मिळायला उशीर होतो. काहींना तान्हेपणी जोराची कावीळ होते किंवा मेंदूज्वर होतो. गरोदरपणी आईच्या पोटात आयोडिन फार कमी गेले, तरी बाळाच्या मेंदूला धक्का बसतो. म्हणून आयोडिनचे मीठ वापरावे, बाळंतपण दवाखान्यात करावे, लसी वेळेवर टोचाव्यात. इतके करूनही कधी कधी असे मूल जन्मते, आणि कारण सापडत नाही. तेव्हा आईला बोल लावू नये. तिच्या जिवाला आधीच घोर असतो.

बाळ पाच महिन्यांचे झाले तरी मान धरत नाही, दहा महिन्यांचे झाले तरी बसत नाही, दीड वर्षाचे झाले तरी चालत नाही, असे दिसले तर डॉक्टरांना दाखवावे. अंगारे-धुपारे आणि गंडेदोरे यांत पैसा जातो. त्याहून वाईट म्हणजे वेळ जातो. लहानपणी लवकर सुरुवात केली तर मूल जास्त शिकते.

हळू शिकणाऱ्या मुलाला शिकवायचे कसे? एका कामाचे लहान लहान तुकडे करायचे. सदरा घालण्याचेच पाहा. आपल्याला ते एक काम वाटते. पण त्यात डोके घालणे, एक हात घालणे, दुसरा हात घालणे आणि सदरा खाली ओढणे अशी चार कामे आहेत. पहिली तीन आईने करावीत. चौथे मुलाला करू द्यावे. सदरा खाली ओढला की शाबासकी द्यावी. ते जमले की शेवटची दोन त्याच्याकडे सोपवावीत. मग तीन, मग चारही. रोज त्याच वेळी, त्याच पद्धतीने करावे. दोन महिने लागतील, चार लागतील. मारू नये, खेकसू नये. मार खाऊन मूल भिते, शिकत नाही.

आता शाळेचे पाहू. मुंबईत होर्मसजी आणि जय वकील नावाचे पारशी दांपत्य होते. त्यांची मुलगी अशीच हळू शिकणारी होती. त्यांनी तिला दाराआड ठेवले नाही. १९४४ साली त्यांनी अशा मुलांसाठी शाळाच काढली. ती आजही चालू आहे.

आपल्याला नवी शाळा काढायची गरज नाही. गावची शाळा आहेच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे, ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत फुकट शिकण्याचा हक्क आहे. आईबापांना वाटले तर ते खास शाळाही निवडू शकतात. त्यासाठी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातून दिव्यांग प्रमाणपत्र काढून ठेवावे.

पण आईचे मन कचरते. ती म्हणते, “गुरुजी, हिला काहीच येत नाही. हिला घेऊन काय करता?”

जाणते गुरुजी सांगतात, “ताई, ज्याला येत नाही त्याच्यासाठीच शाळा असते. तिला पुढच्या बाकावर बसवू. शेजारी एक समजूतदार मुलगी देऊ.”

“बाकीच्या पोरांचा अभ्यास बुडेल हो,” असे एखादा बाप म्हणतो. तसे नाही. हळू सांगितलेले, चित्र दाखवून सांगितलेले सगळ्याच मुलांना चांगले समजते. शिवाय दुसऱ्याला सांभाळून घेणे हाही एक धडाच आहे. गुरुजींना अडचण आली तर तालुक्याच्या गटसाधन केंद्रात विचारावे. तिथे अशा मुलांच्या शिक्षणाची माहिती असणारी माणसे असतात.

शाळा सुटली की गाव असते. लग्नाला, जत्रेला, भजनाला या मुलांना न्यावे. झेपेल ते काम द्यावे. शेळ्यांना पाला घालणे, शेंगा निवडणे, पत्रावळी मांडणे अशी कामे ती मन लावून करतात. केलेल्या कामाचे दाम मात्र द्यावे. भोळा आहे म्हणून फुकट राबवू नये. या मुलांना, विशेषतः मुलींना, फसवणारे लोकही असतात. म्हणून ‘नको’ म्हणायला आणि घरी येऊन सांगायला त्यांना शिकवावे.

आईबापांच्या मनात एक प्रश्न रात्रंदिवस असतो : आमच्या माघारी हिचे कसे होणार? १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात यासाठी सोय आहे. मूल १८ वर्षांचे झाले की कायदेशीर पालक नेमण्यासाठी जिल्ह्याच्या समितीकडे अर्ज करता येतो. जिल्हाधिकारी त्या समितीवर असतात. पण कागदावरचा पालक एकटा पुरा पडत नाही. ज्या मुलीला सारा गाव नावाने ओळखतो, तिला सांभाळणारे चार हात पुढे येतात. जी कायम दाराआड राहिली, तिला कोण ओळखणार?

म्हणून दार आजच उघडू या. उद्या घंटा झाली की आपल्या पोरांना सांगू, “तिलाही हाक मारा. तिचा हात धरून घेऊन जा.”

आता सांगा पाहू :
१. मनाचा आजार आणि हळू बुद्धी यांत फरक काय?
२. हात धुणे या कामाचे किती तुकडे होतील? ते क्रमाने सांगा.
३. तुमच्या गावात दाराआड राहणारे मूल आहे का? त्याच्यासाठी या आठवड्यात तुम्ही काय कराल?