टूर रोमला संपली, पुढचे चार दिवस आपले

प्रश्न : आम्ही नवरा-बायको, दोघंही साठी ओलांडलेले. सप्टेंबरात एका टूर कंपनीबरोबर इटलीला जायचं ठरवतोय. टूर रोमला संपते. एवढ्या लांब जाऊन लगेच परत फिरण्यापेक्षा पुढे चार दिवस आपले आपण राहावं, असं फार मनात आहे. इटालियन येत नाही, शिवाय पक्के शाकाहारी. झेपेल का? आणि राहावं कुठे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : झेपेल, आणि जरूर राहा. फक्त हा बेत टूर कंपनीच्या कानावर आत्ताच घाला, बुकिंगचे पैसे भरतानाच. ग्रुपची विमान तिकिटं एकगठ्ठा निघतात. ती निघायच्या आत परतीची तारीख पुढे ढकलणं सहसा जमतं. कंपनीवाले याला ‘डेव्हिएशन’ म्हणतात आणि त्याचे थोडे जास्त पैसे घेतात. एकदा तिकीट निघालं की तोच बदल खूप महागात पडतो, कधी होतच नाही.

व्हिसाचंही तेच. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला रोजचा कार्यक्रम जोडावा लागतो. तुमच्या चार दिवसांची हॉटेलं आणि परतीची खरी तारीख त्यात हवी. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा आणि सगळ्या मुक्कामाचा लागतो. टूरबरोबर मिळणारा विमा बहुतेक वेळा टूरच्या शेवटच्या दिवशी संपतो, तो वाढवून घ्या. पासपोर्ट हातात आला की व्हिसाचं स्टिकर नीट वाचा. त्यावर व्हिसाची मुदत असते आणि वेगळ्या रकान्यात मुक्कामाचे दिवस असतात. मुदत बरेचदा थोडी सैल दिलेली असते, ती पाहून माणूस निर्धास्त होतो. राहता मात्र रकान्यात लिहिलेत तेवढेच दिवस येतं, आणि पोहोचण्याचा व निघण्याचा दिवसही त्यातच धरतात. (तुमची टूर फक्त इटलीची आहे म्हणून बरं. तीन-चार देशांची असती, तर ज्या देशात जास्त दिवस त्याच्याकडे अर्ज करावा लागतो; चार दिवस वाढल्याने तो देशच बदलू शकतो.)

आता राहायचं कुठे. फ्लॉरेन्स, व्हेनिस पुन्हा ‘नीट’ पाहण्याचा मोह होईल. माझा सल्ला नेपल्सचा. रोमच्या तेर्मिनी स्टेशनवरून वेगवान गाडीने सव्वा तासाच्या आत पोहोचता. सीट आरक्षित असते. लोकल वळणाच्या साध्या गाडीचं कागदी तिकीट मात्र चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यावं लागतं, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. मोठ्या बॅगा बरोबर ओढत नेऊ नका. शेवटची रात्र रोमच्या ज्या हॉटेलात काढणार, तिथे आधीच विचारून त्या ठेवा आणि तीन रात्रींपुरती हातातली पिशवी घेऊन निघा.

नेपल्स का, तर तिथल्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयासाठी. पाँपेईत निघालेली भित्तिचित्रं, मोझेक, घरातली भांडीकुंडी यांतली पुष्कळ इथे आहेत. ‘गुप्त दालन’ म्हणून एक विभाग आहे, त्यात वीतभर उंचीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. मनगटापासून वर चढत गेलेल्या बांगड्या, पायांत पोटरीपर्यंत वाळे, दोन्ही बाजूंना प्रसाधनाची पात्रं घेतलेल्या दासी. 1938 साली पाँपेईत ती सापडली, तेव्हा तिला लक्ष्मी म्हटलं गेलं. आता बरेच अभ्यासक तिला यक्षी मानतात. तिच्या जवळच्या बहिणी सापडल्या त्या आपल्याकडे, तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडली जाण्याआधीच ती भारतातून समुद्रमार्गे तिथे पोहोचली होती. मराठी माणसाने इटलीला जावं आणि हिला न भेटता परतावं, याचं मला खरंच वाईट वाटतं. ग्रुपच्या धावपळीत या मूर्तीसमोर पाच मिनिटंही मिळणार नाहीत. तुम्ही अर्धा तास उभे राहा. संग्रहालय मंगळवारी बंद असतं, तेवढं पाहून दिवस ठरवा.

दुसरा दिवस पाँपेईला द्या, टूरमध्ये धावतं दर्शन झालं असलं तरी. नेपल्सच्या मुख्य स्टेशनखालून ‘चिर्कुमव्हेसुव्हियाना’ ही लोकल सुटते. सोरेंतोच्या बाजूची गाडी पकडा आणि ‘पाँपेई स्कावी’ला उतरा, प्रवेशद्वार जवळच आहे. नुसतं ‘पाँपेई’ नावाचं स्टेशन वेगळं, ते नव्या गावात. लोकल खच्चून भरते आणि खिसेकापू असतात, त्यामुळे पासपोर्ट अंगालगत ठेवा. आत सावली जवळजवळ नाही आणि दगडी रस्ते उंचसखल आहेत. सकाळी दार उघडताच जा, बुटांचा तळ जाड असू द्या, टोपी विसरू नका. तिसरा दिवस मोकळा ठेवा, काहीही ठरवू नका.

जेवणाची चिंता तिथे कमी. मार्गेरीता पिझ्झा आहेच, आणि ‘मारिनारा’ पिझ्झ्यात टोमॅटो, लसूण, ओरेगानो एवढंच, चीजसुद्धा नसतं. पार्मेझानसारखी चीज वासराच्या पोटातलं रेनेट घालून करतात, म्हणून पक्के शाकाहारी असाल तर ती टाळा. भाज्यांचं सूप मागवताना ते मांसाच्या पाण्यात शिजवलंय का, हे विचारा. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, एवढं पाठ केलंत की पुष्कळ काम भागतं. कॉफी बारजवळ उभ्याने प्या. बसून घेतली की बहुतेक ठिकाणी दर वाढतो. हॉटेलात माणशी, रात्रीमागे शहराचा कर वेगळा द्यावा लागतो, तो काही लुबाडणुकीचा प्रकार नव्हे.

परतीच्या दिवशी नेपल्सहून थेट विमान गाठायला जाऊ नका. इटलीत रेल्वेचे संप होतात. ते आधी जाहीर होतात आणि कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 व संध्याकाळी 6 ते 9 या वेळांत ठरावीक लोकल गाड्या चालवल्या जातात, तरी धोका कशाला? आदल्या दुपारीच रोमला या आणि तेर्मिनीजवळ राहा. सकाळी तिथून फ्युमिचिनो विमानतळाची ‘लिओनार्दो एक्स्प्रेस’ 32 मिनिटांत पोहोचवते.